साहेबाचे ओटे आणि आपली सहल

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरल्या की शिक्षकांच्या खोलीत दोन विषय हमखास निघतात. एक स्नेहसंमेलनाचा आणि दुसरा सहलीचा. सिंधुदुर्गनगरीच्या आसपासच्या शाळांत सहलीची चर्चा साधारण एकाच वळणाने जाते. कुणी कोल्हापूर-पन्हाळा सुचवतो, कुणी गोवा, तर एखादा उत्साही विज्ञानशिक्षक मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्राचे नाव घेतो आणि खर्चाचा आकडा ऐकून गप्प बसतो. मग कुणीतरी म्हणतो, "आपल्याकडे पाहण्यासारखं आहे तरी काय?"

ओरोसला बसून हा प्रश्न विचारणे तसे स्वाभाविक आहे. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला आणि ओरोस बुद्रुकच्या माळावर जिल्ह्याचे मुख्यालय आले. इथे माणसे येतात ती दाखल्यासाठी, सुनावणीसाठी, फार तर बदलीच्या अर्जासाठी. संग्रहालय पाहायला म्हणून कुणी ओरोसला उतरत नाही. परंतु याच गावातून एसटीने सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येईल एवढ्या अंतरात चित्रे आहेत, बाहुल्या आहेत, खडकावर कोरलेल्या आकृत्या आहेत आणि विज्ञानाच्या इतिहासातले एक प्रकरणही आहे. गेल्या दोन वर्षांत आम्ही चार-पाच शिक्षकांनी मुलांना घेऊन ही ठिकाणे ठरवून पाहिली. जे पाहिले त्याचे हे परीक्षण आहे, आणि अर्थात जसे पाहिले त्याचेही.

आधी आमच्या चुकीबद्दल. पहिल्या सहलीत आम्ही नेहमीप्रमाणे वह्या काढायला लावल्या होत्या. मुलांनी दिसेल ती पाटी उतरवून घेतली. परत आल्यावर वह्या तपासल्या, तेव्हा चाळीस वह्यांत एकच मजकूर होता, शुद्धलेखनाच्या चुकांसह. वस्तू कुणीच पाहिली नव्हती. मूल पाटीकडे पाहते, मग वहीकडे, मग पुन्हा पाटीकडे. वस्तू या दोहोंच्या मध्ये उभी असते आणि तिच्याकडे बघायला वेळच उरत नाही. दुसऱ्या वेळी आम्ही वह्या बसमध्येच ठेवल्या आणि एकच अट घातली. एका वस्तूसमोर पाच मिनिटे थांबायचे आणि पाटीत ज्याचे उत्तर नाही असा एक प्रश्न घेऊन यायचे. या लेखात प्रत्येक ठिकाणाला जे गुण दिले आहेत ते याच कसोटीवर.

कुडाळच्या पुढे पिंगुळी आहे. तिथल्या ठाकर समाजातील कलावंत परशुराम विश्राम गंगावणे यांनी आपल्या घराशेजारच्या गुरांच्या गोठ्याचे संग्रहालय केले. ठाकर आदिवासी कला आंगण हे त्याचे नाव. गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, त्यामुळे आता हे नाव जिल्ह्याबाहेरही माहीत झाले आहे. इथे चित्रकथीच्या पोथ्या आहेत, दोऱ्यांवर नाचणाऱ्या कळसूत्री बाहुल्या आहेत आणि पडद्यामागून खेळवायच्या चामड्याच्या बाहुल्याही.

चित्रकथी म्हणजे कागदावर रंगवलेली रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे. एका कथेच्या चित्रांचा गठ्ठा म्हणजे पोथी. सांगणारा एकेक चित्र पुढे ठेवतो, गातो, वाद्य वाजवतो आणि कथा पुढे सरकली की चित्र बदलतो. हे ध्यानात घेतले की मोठ्या शहरांतील संग्रहालयांबद्दल एक तक्रार करावीशी वाटते. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयातही चित्रकथी परंपरेतील चित्रांचा चांगला संग्रह आहे. पण चौकटीत बसवून भिंतीवर टांगलेले एकटे चित्र म्हणजे पोथीतून सुटलेले पान. ते कुणाच्या आधी आले आणि कुणाच्या नंतर, हे भिंत सांगू शकत नाही. पिंगुळीत मात्र मागणी केली तर चित्र गाण्यासकट पाहायला मिळते. संग्रहालयाची इमारत लहान आणि प्रदर्शन मोठे असे हे उदाहरण आहे. आमच्या सातवीतल्या एका मुलाने विचारले, "हे चित्र एवढं जुनं, मग रंग उडाला कसा नाही?" पाच मिनिटे थांबल्याचे हे फळ.

त्या प्रश्नावर शाळेत परतल्यावर दोन तास गेले. रंग उडतो तो प्रकाशाने, आणि प्रकाशाचा परिणाम साठत जातो. आज थोडा, उद्या थोडा. कागदावरची जलरंगातील चित्रे सुमारे ५० लक्स इतक्याच उजेडात ठेवावीत असा संग्रहालयांचा सर्वसाधारण दंडक आहे. भर दुपारच्या उन्हात उजेड सुमारे एक लाख लक्स असतो. आता गणित करू. ५० लक्समध्ये रोज आठ तास ठेवलेल्या चित्राला दिवसाला ४०० लक्स-तास उजेड मिळतो. तेवढाच उजेड भर उन्हात मिळायला किती वेळ लागेल? सुमारे १४ सेकंद! उन्हातल्या अतिनील किरणांचा हिशेब यात धरलेलाच नाही. मुलांना हा आकडा खरा वाटेना. तेव्हा मोबाइलमधील प्रकाशमापकाने त्यांनी वर्गाचा कोपरा, खिडकी आणि अंगण मोजून काढले. पोथी गुंडाळून अंधाऱ्या पेटीत ठेवण्याची जुनी रीत किती शहाणपणाची होती हे कुणाला वेगळे सांगावे लागले नाही. मात्र पेटीतही कोकणातला पावसाळा शिरतोच. दमट हवेत कागदाला बुरशी धरते, कसर लागते. चित्र उजेडापासून वाचवावे तर ओल, आणि ओलीपासून वाचवायला उघडावे तर उजेड, अशी ही ओढाताण आहे. घराघरात ती सांभाळणाऱ्यांचे कौतुक कला-समीक्षेत फारसे येत नाही.

चामड्याच्या बाहुल्या तर भौतिकशास्त्राचा तासच आहेत. समई आणि पडदा यांत एक मीटर अंतर असेल आणि बाहुली बरोबर मध्ये धरली, तर छाया दुप्पट होते. बाहुली पडद्यापासून दहा सेंटिमीटरवर आणली, तर छाया बाहुलीच्या जेमतेम सव्वापटही राहत नाही, पण कडा रेखीव येतात. राक्षस मोठा दाखवायचा की ठसठशीत, याची निवड खेळवणाऱ्याला क्षणोक्षणी करावी लागते. समरूप त्रिकोण फळ्यावर शिकवणारे आम्ही हे आजवर पाहिले नव्हते. छाया काळीच पडते की तिच्यात रंग उतरतो, हे मुलांनी तिथेच पाहावे, म्हणून इथे सांगत नाही.

सावंतवाडीच्या राजवाड्याविषयी थोडक्यात लिहितो, कारण तिथे गंजिफा पाहायला लोक जातातच. दरबार हॉलमध्ये कारागीर बसून पाने रंगवत असतात आणि पाहणाऱ्याला जवळ उभे राहता येते. काम चालू असलेले पाहायला मिळणे ही कोणत्याही काचेच्या कपाटापेक्षा मोठी गोष्ट आहे. ही कला जवळजवळ थांबली होती. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी १९७० नंतरच्या काळात तिला पुन्हा उभे केले. दशावतारी गंजिफात दहा रंग असतात, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने, म्हणजे एकूण १२०. तीन गडी बसले की प्रत्येकी चाळीस. दिवसा खेळत असल्यास रामाच्या राजाने उतारी करायची आणि रात्री कृष्णाच्या, अशीही रीत आहे. अडचण एवढीच की गंजिफा आता शोभेची वस्तू झाली आहे. पाने सगळे पाहतात, खेळत कुणी नाही. न खेळता पत्ते पाहणे म्हणजे न वाजवता पेटी पाहणे. आमच्या मुलांनी पुठ्ठ्याच्या चकत्यांवर १२० पाने काढली आणि मधल्या सुट्टीत डाव मांडला. चित्रे सुबक आली नाहीत, पण निम्म्या रंगांत दहाचे पान वरचढ आणि निम्म्यांत एक्का वरचढ हा नियम पाळताना भल्याभल्यांची तारांबळ उडाली.

मालवण तालुक्यातील कुडोपीच्या सड्यावर जांभ्यात कोरलेल्या आकृत्या आहेत. कोकणातील अशा कातळशिल्पांचा समावेश २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत झाला, त्यात कुडोपी आहे. हे छप्पर नसलेले दालन. इथला दिवा म्हणजे सूर्य, आणि भर दुपारी गेलात तर दालन बंदच म्हणायचे! डोक्यावरच्या उन्हात उथळ कोरीव रेषा दिसत नाहीत. सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर तिरपे ऊन पडले की रेषेच्या कडेची सावली तिच्यात पडते आणि रिकाम्या वाटणाऱ्या कातळावर आकृती उमटू लागते. पहिल्या खेपेस आम्ही बारा वाजता पोहोचलो आणि "इथं तर काहीच नाही" असे म्हणून डबे उघडले. चारनंतर मुलांनीच ओरडून आम्हांला बोलावले. एक विनंती मात्र सगळ्यांना आहे. फोटो चांगला यावा म्हणून रेषांत खडू किंवा चुना भरू नये. जांभा सच्छिद्र असतो, तो सगळे पिऊन टाकतो. आकृत्या किती जुन्या, हा प्रश्न मुले हटकून विचारतात. त्याला एका आकड्यात उत्तर देऊ नये. नुसत्या कोरलेल्या दगडाचे वय काढणे हाडाच्या किंवा कोळशाच्या तुकड्याचे वय काढण्याइतके सोपे नसते, कारण दगड आणि त्यावरचा घाव यांची वये वेगळी.

आता ज्या ठिकाणासाठी मुळात हा लेख लिहायला घेतला तिकडे वळू.

विजयदुर्ग देवगड तालुक्यात, वाघोटण खाडीच्या मुखाशी. ओरोसहून जाऊन-येऊन अख्खा दिवस मोडतो. किल्ल्यात दगडी ओटे आहेत, त्यांना 'साहेबाचे ओटे' म्हणतात. त्यांची जिल्ह्याला अभिमान वाटणारी गोष्ट अशी सांगितली जाते: १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण होते, त्या दिवशी नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने या ओट्यांवर दुर्बिणी मांडल्या आणि हेलियम या मूलद्रव्याचा शोध लावला. पर्यटनाच्या पत्रकांत, वर्तमानपत्रांत, भाषणांत हीच गोष्ट येते. गेली काही वर्षे १८ ऑगस्टला विजयदुर्गावर हेलियम दिनही साजरा होतो. आम्ही स्वतः ही गोष्ट वर्गात कित्येक वर्षे सांगितली आहे.

ती कोसळली एका आठवीतल्या मुलीच्या प्रश्नाने. ओट्यावर उभे राहून एक सहकारी रंगात येऊन सांगत होते. ती मुलगी शांतपणे म्हणाली, "सर, आगष्टात सूर्य खंय दिसतलो?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. कोकणात जन्म घालवलेली आम्ही माणसे. ऑगस्टच्या मध्यावर किनाऱ्यावर आठ-आठ दिवस सूर्याचे दर्शन होत नाही, हे आम्हांला कुणी सांगायला नको. ग्रहणासाठी हजारो मैल प्रवास करणारा शास्त्रज्ञ यंत्रे घेऊन ऐन पावसाळ्यात विजयदुर्गाला कशाला बसेल? कुणाच्या मनात हा प्रश्न आजवर का आला नाही, याचेच आश्चर्य वाटले.

नंतर आम्ही जमेल तितके वाचून काढले. १८६८ च्या ग्रहणाचा पट्टा आजच्या कोकणावरून पूर्वेकडे जात होता, हे खरे. त्यामुळे विजयदुर्गाला खग्रास ग्रहण होणार होते यात चूक नाही. जगातील त्या ग्रहणाची कमाल खग्रास अवस्था पावणेसात मिनिटांची, म्हणून युरोपातल्या खगोलवेत्त्यांच्या त्यावर उड्या पडल्या. पण त्यांनी निवडलेली ठिकाणे पाहा. फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर जाँसेन गुंटूरला होते, इंग्रजांकडून मेजर टेनंटही तिथेच. मद्रास वेधशाळेचे पॉगसन मछलीपट्टणला. लेफ्टनंट हर्शेल जमखंडीला, आणि त्यांना तिथेही ढगांनी छळलेच. सगळे घाटाच्या पलीकडे, पावसाच्या छायेत किंवा पूर्व किनाऱ्याला. नकाशावर ही नावे मांडली की पावसाळ्याचा नकाशा आपोआप तयार होतो.

आणि लॉकियर? ते त्या दिवशी लंडनमध्ये होते. वॉर ऑफिसात कारकुनी करावी आणि उरल्या वेळात घरच्या दुर्बिणीतून आकाश पाहावे असा त्यांचा क्रम. त्यांनी एक चांगला वर्णपटदर्शक बनवायला टाकला होता, तो हातात पडला ऑक्टोबरमध्ये. २० ऑक्टोबर १८६८ रोजी, कोणतेही ग्रहण नसताना, त्यांनी सूर्यबिंबाच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट पाहिला.

हे 'ग्रहण नसताना' फार महत्त्वाचे. आपली प्रचलित गोष्ट खोटी आहे एवढाच मुद्दा असता तर हा लेख आम्ही लिहिला नसता. लॉकियर यांचे यश नेमके कशात होते तेच ती गोष्ट उलटे करून सांगते. सूर्याच्या कडेवरील ज्वाला पाहायच्या तर ग्रहणाची वाट पाहायची, अशी तोवरची समजूत होती, कारण एरवी आकाशाचा झगझगाट त्यांना गिळून टाकतो. लॉकियर यांनी असा विचार केला की झगझगाटात सगळे रंग मिसळलेले असतात, ज्वालेचा प्रकाश मात्र मोजक्या रंगांच्या रेषांत असतो. वर्णपट जितका लांब पसरावा तितका झगझगाट विरळ होत जाईल, रेषा मात्र रेषाच राहतील. मुलांना आम्ही असे सांगतो. शेरभर तांदूळ ताटलीत ढीग करून ठेवले तर खालची तीन सुपारीची खांडे दिसत नाहीत. तेच तांदूळ अंगणभर पसरले की तांदूळ विरळ होतात, आणि सुपारी जिथल्या तिथे दिसते. जाँसेन यांनाही हीच युक्ती सुचली होती आणि त्यांनी ग्रहणाच्या दुसऱ्याच दिवशी गुंटूरला ती वापरून पाहिली. दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी, २६ ऑक्टोबर १८६८ रोजी वाचली गेली. फ्रेंच सरकारने पुढे दोघांच्या मुद्रा असलेले पदक काढले.

आता ती पिवळी रेषा. चिमूटभर मीठ ज्योतीत टाकले की ज्योत पिवळी होते, हा सोडियमचा पिवळा. त्याच्या दोन रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरला येतात. (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) १८ ऑगस्टच्या ग्रहणात भारतातल्या निरीक्षकांपैकी काहींना सूर्याच्या ज्वालांत पिवळी रेषा दिसली होती. ती सोडियमचीच असावी असे वाटणे साहजिक होते. लॉकियर यांनी मोजून पाहिले तेव्हा ती सोडियमच्या जागेवर बसेना. ती ५८७.६ च्या आसपास होती, म्हणजे दीड नॅनोमीटरचा फरक. पृथ्वीवरच्या कोणत्याही माहीत असलेल्या मूलद्रव्याची रेषा तिथे येत नव्हती. रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांच्याबरोबर प्रयोग करून त्यांनी नव्या मूलद्रव्याची कल्पना मांडली आणि ग्रीक भाषेतील सूर्याच्या नावावरून त्याला हेलियम म्हटले. बऱ्याच रसायनशास्त्रज्ञांना ते पटले नाही. शेवटी १८९५ मध्ये विल्यम रॅम्झे यांना क्लेव्हाइट या खनिजातून निघालेल्या वायूत हीच रेषा सापडली, तेव्हा वाद मिटला. हेलियमचा शोध म्हणजे एका सकाळची घटना नव्हे. तो सत्तावीस वर्षे लागत होता.

मग साहेबाच्या ओट्यांवर साहेब आलाच नाही काय? आला! आणि हा भाग आम्हांला सर्वांत आवडला. २२ जानेवारी १८९८ रोजी आणखी एक खग्रास सूर्यग्रहण झाले. त्याचा पट्टाही विजयदुर्गावरून जात होता. या वेळी एकसष्ट वर्षांचे, 'नेचर' साप्ताहिकाचे संस्थापक-संपादक म्हणून जगाला माहीत असलेले सर नॉर्मन लॉकियर खरोखर विजयदुर्गाला आले. ब्रिटिश आरमाराच्या 'मेल्पोमेनी' या नौकेवरील अधिकारी व खलाशी त्यांच्या मदतीला होते. तोफांच्या कवायतीची सवय असलेल्या या माणसांकडून त्यांनी यंत्रांची कवायत करून घेतली. कारण खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची, आणि तेवढ्या वेळात कोणी कोणती काच कधी बदलायची हे पाठ असावे लागते. लोलक बसवलेल्या कॅमेऱ्यांनी त्यांनी सूर्याच्या वर्णावरणाच्या वर्णपटाची छायाचित्रे घेतली. ते दिवस मुंबई इलाख्यात प्लेगचे होते हे ध्यानात ठेवले तर या खटाटोपाचे मोल कळते. त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला जेऊरला तळ ठोकून होते. एक भारतीय खगोलवेत्ता आपली यंत्रे घेऊन स्वतः निरीक्षण करीत होता. आमच्या वर्गात त्यांचे नाव एकाही मुलाने ऐकलेले नव्हते. खरे म्हणजे आम्हीही.

जानेवारी महिना म्हटल्याबरोबर त्या मुलीचा प्रश्नही सुटतो. आकाश निरभ्र, हवा कोरडी, समुद्र शांत, जहाज बंदरात लावता येते. १८९८ ची गोष्ट विजयदुर्गाच्या हवामानाशी जुळते, १८६८ ची जुळत नाही. दोन ग्रहणे, एकच साहेब आणि एकच किल्ला, यांची तीस वर्षांनी गल्लत झाली असावी असे दिसते. ओट्यांचे दगड स्वतः काही बोलत नाहीत, आणि माणसांच्या आठवणीत मोठे नाव मोठ्या शोधाला जाऊन चिकटते.

आमच्यात यावरून वाद झाला, तो लपवत नाही. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "हेलियम दिनामुळे मुले किल्ल्यावर येतात, वर्णपट हा शब्द ऐकतात. आपल्या मागासलेल्या समजल्या जाणाऱ्या जिल्ह्याला एक तरी अभिमानाची गोष्ट आहे. ती काढून घेऊन काय मिळवणार?" हा आक्षेप हलका नाही. ज्या मुलांना आपल्या गावात पाहण्यासारखे काही नाही असेच ऐकवले जाते, त्यांच्या हातातली एकुलती एक गोष्ट काढून घेताना शिक्षकाने दहा वेळा विचार करावा. पण आमचे मत पक्के झाले ते दुसऱ्या कारणाने. हीच मुले उद्या कुठल्या पुस्तकात लॉकियर ऑगस्ट १८६८ मध्ये लंडनला होते असे वाचतील, तेव्हा ती फक्त विजयदुर्गावर नव्हे, आपण शिकवलेल्या सगळ्यावरच अविश्वास धरतील. शिवाय काढून घेण्यासारखे फारसे काही नाहीच. लॉकियर येऊन गेले हे खरे, ओट्यांना साहेबाचे नाव आहे हे खरे, १८६८ ची सावली किल्ल्यावरून गेली हेही खरे. फक्त तारखा आपापल्या जागी ठेवायच्या आहेत. याच तालुक्यातल्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी लॉकियर यांच्या जन्माआधीच, १८३२ साली 'दर्पण' काढले आणि पुढे कुलाबा वेधशाळेचे कामही पाहिले. विज्ञानाच्या अभिमानाला इथे उसनवारीची गरज पडू नये.

म्हणून संबंधितांना आमची सूचना आहे की १८ ऑगस्टचा कार्यक्रम जरूर चालू ठेवावा, पण त्या दिवशी गुंटूरची, लंडनची आणि पावसाची गोष्ट सांगावी. आणि २२ जानेवारीला, आकाश मोकळे असताना, मुलांना ओट्यांवर न्यावे. सीडीच्या तुकड्याचा आणि खोक्याचा वर्णपटदर्शक मुले तासाभरात करतात. त्यातून मिठाच्या ज्योतीची पिवळी रेषा दिसते. ५८७.६ आणि ५८९ मधला फरक मात्र त्यात दिसत नाही, आणि तो दिसत नाही हेच मुलांना दाखवायचे. लॉकियर यांना चांगल्या यंत्रासाठी ऑक्टोबरपर्यंत का थांबावे लागले, ते त्यातून कळते.

सहलीनंतर आम्ही मुलांना ओट्यांसाठी नवी पाटी लिहायला सांगितले. मर्यादा चाळीस शब्दांची. एका गटाने सुरुवातच "येथे हेलियमचा शोध लागला नाही" अशी केली. त्यावर दुसऱ्या गटाने हरकत घेतली की जे झाले नाही ते लिहीत बसलो तर पाटी किल्ल्याएवढी होईल. बरीच ओढाताण होऊन तारखेपासून आरंभ करायचे ठरले. 'शोध' हा शब्द ठेवावा की नाही यावर एकमत झाले नाही, त्यामुळे पाटी अजून कच्चीच आहे.

त्या मुलीला मात्र दुसरेच काही हवे होते. ग्रहणाच्या वेळी साहेबाची दुर्बीण किती वर रोखलेली असेल? विजयदुर्गाचे अक्षांश साडेसोळा अंश, २२ जानेवारीला सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे एकोणीस पूर्णांक सात अंश. दोहोंची बेरीज नव्वदातून वजा केली की मध्यान्हीची उंची सुमारे ५४ अंश येते. ग्रहण दुपारचे, तेव्हा त्याहून थोडी कमी. तपासायला विजयदुर्गाला जायची गरज नव्हती, ओरोसचे अक्षांश फार वेगळे नाहीत. यंदा २२ जानेवारीला शाळेच्या पटांगणात मीटरभर काठी उभी करून मध्यान्हीची सावली मोजली. हिशेबाने ती ७२-७३ सेंटिमीटर यायला हवी होती, आली ७६. मुले म्हणाली गणित चुकले. ती मुलगी काठीजवळ जाऊन ओळंबा धरून उभी राहिली आणि म्हणाली, "काठी वाकडी आसा."